पासून, पर्यंत

नावं सरकारची, अक्षर माझं.
कचेरीतल्या सागवानी फळ्यावर
अनुक्रमांक, नाव, पासून, पर्यंत.
साहेब बदलला की नाझर निरोप धाडायचा,
"सदूभाऊ, पांढरा डबा आणि बारका ब्रश घेऊन या."

'पर्यंत'ची जागा रिकामी ठेवायची,
दीड इंच.
काहींची तर 'पासून' वाळायच्या आत भरावी लागली.

अरुळमणी साहेबांचं नाव मी पहिल्यांदा लिहिलं
गडहिंग्लजच्या प्रांत कचेरीत.
पोरगेलाच होता गडी, शर्टाची घडी मोडलेली नव्हती.
मी लिहिलं, 'अरुलमणी'.
शिडीखाली येऊन उभे राहिले, तोडक्या मराठीत म्हणाले,
"ल नाही, ळ. आमच्यात आहे. तुमच्यात पण आहे ना?"
म्हटलं, "आहे की साहेब. गुळात आहे."
हसले. मी टर्पेंटाइनचा बोळा फिरवला,
आणि घाण्याभोवती बैल फिरावा तसा
सावकाश ळ वळवला.

मग परभणी, धुळे,
पुण्यात साखर, मुंबईत मासे.
(मासे म्हणजे शिक्षा, नाझर हळूच म्हणाला,
कुणाच्या तरी कारखान्याची फाइल अडवली होती.)
पोरीची सात शाळा झाल्या म्हणे.
आणि एका जूनमध्ये परत नाझरचा निरोप,
"या. ळ विसरू नका."

कलेक्टर असताना रात्री गंगावेशीत
म्हशीच्या धारोष्ण दुधाला रांगेत उभे राहायचे,
ड्रायव्हरला घरी पाठवून.
ओठावरचा फेस पुसत मला विचारायचे,
"ऑइलपेंट पाण्यात किती दिवस टिकतो?"
त्यांना बंधाऱ्यावरची मोजपट्टी नव्यानं रंगवायची होती.
ती मी रंगवली. फूट काळे, इंच लाल.

त्याच पट्टीवर त्या साली पाणी चढलं.
रात्री नऊला गाव हलवायचा कागद टेबलावर आला.
अंधारात होड्या नकोत, उजाडल्यावर काढू, असं ते म्हणाले.
बरोबर होतं की चूक, मी कोण सांगणार?
मी पेंटर.
पाणी तीन वाजता ओढ्याच्या बाजूनं आलं,
नदीकडं तोंड करून बसलेल्या गावाच्या पाठीतून.

तीन माणसं गेली.
चौकशी झाली. ठपका नाही.
बढती वेळेवर.
मी 'पर्यंत' भरलं, तारीख टाकली,
डब्याचं झाकण लावलं.

आता दुकान पोरगा बघतो, फ्लेक्सचं मशीन आहे.
मी नुसता बसतो पापाच्या तिकटीला.
परवा रिक्षातून उतरले. केस पांढरे, हातात प्लॅस्टिकची फाइल.
म्हटलं, "बंगल्याची पाटी काय साहेब?"
"नाही. भिंत."

गावाचं नाव सांगत नाही, त्यांनी नको म्हटलंय.
शाळेची भिंत. ग्रामपंचायतीकडं अर्ज केलेला,
रीतसर, पोच घेऊन,
एवढा मोठा साहेब, ग्रामसेवकासमोर दोन फेऱ्या मारून.
निळी रेघ ओढायची. खाली तीन नावं.
त्याखाली,
पाणी : पहाटे ३.००.
आदेश : पहाटे ५.१५.
आणि त्यांचं नाव. हुद्दा नको.

तिघांतल्या एकीचं नाव तुळसा.
तिच्या ळ पाशी ते बराच वेळ उभे राहिले, बोलले नाहीत.

तेवढ्यात समोरच्या दारातून एक बाई आली, कडेवर नातू.
रेघेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
साहेबांना ओळखलं की नाही, कळलं नाही.
"खाली मारलासा की," म्हणाली.
"पाणी हितवर हुतं." आणि हात वर केला,
रेघेच्या ईतभर वर.

मी साहेबांकडं बघितलं.
ते म्हणाले, "पुसा."
मग स्वतःच खाली वाकले,
बोळा शोधायला लागले माझ्या पिशवीत.